उठेना झालेलं व्हर्च्युअल मशीन: अपग्रेडनंतर नेमकं कुठे अडतं?

मे महिन्यात सोलापुरात वळवाचा पाऊस येतो तो आधी धूळ घेऊन. मग लाईट जाते. अशाच एका रात्रीनंतर सकाळी आठला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. "सर, लाईटनं सर्व्हर उडवला की वो! बिलिंग बंद, गेटपास बंद, गाडी भरून उभी आहे."

"अण्णा, पडद्यावर काय दिसतंय?"

"काळं आहे सगळं. इंग्रजीत कायबाय लिहिलंय."

फोटो पाठवा म्हटलं. फोटोत पडद्याखाली अण्णांच्या भाच्याचा हात दिसत होता आणि हातात पेनड्राइव्ह. भाचा फॉरमॅट मारायच्या तयारीत बसला होता. मी पहिलं वाक्य बोललो ते त्याच्यासाठी: "बाळा, काहीही कर, पण डिस्कला हात लावू नकोस."

हा लेख त्या भाच्यासारख्यांसाठी आहे. हुशार आहेत, हात सळसळतात, पण व्हर्च्युअल मशीन उठलं नाही की डेटा गेला असंच धरून चालतात. तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा डेटा जागच्या जागी असतो, अडलेलं असतं ते त्याच्यापर्यंत पोचणं.

आधी हे मशीन म्हणजे काय ते बघू. कारखान्याच्या ऑफिसात लोखंडी पेटीतला एकच सर्व्हर असतो. त्याच्या पोटात तीन-चार 'संगणक' चालतात: एक हिशेबाचा, एक हजेरीचा, एक फायली ठेवायचा. पेटी यजमान, आतले संगणक पाहुणे. होस्ट आणि गेस्ट हे शब्द तिथूनच आलेत. पाहुण्यांची सोय बघणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर: केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, यांतलं काहीतरी. पाहुण्याला वाटतं आपल्याला स्वतःची हार्डडिस्क आहे. ती असते यजमानाकडची एक भलीमोठी फाईल. त्याचं नेटवर्क कार्ड, बायोस, घड्याळ, सगळं सॉफ्टवेअरनं उभं केलेलं असतं. यातच अडचणीचं मूळ आहे आणि सुटकाही. खऱ्या संगणकाचं कार्ड रात्रीतून बदलत नाही. पाहुण्याचं मात्र एका अपग्रेडनं बदलू शकतं आणि त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

म्हणून मी दोनच गोष्टी विचारतो. अपग्रेड कुणाचं झालं, यजमानाचं की पाहुण्याचं? आणि मशीन उठता उठता कुठवर आलं?

दुसरा प्रश्न जास्त कामाचा. संगणक एकदम चालू होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवत चालू होतो. पहिल्यांदा फर्मवेअर जागं होतं, म्हणजे जुन्या पद्धतीचा बायोस किंवा नव्या पद्धतीचं यूईएफआय. ते डिस्कवर बूटलोडर, म्हणजे पुढची सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतं. लिनक्समध्ये हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्राम) आणि त्याच्यासोबतचं एक छोटं गाठोडं मेमरीत उतरवतो. कर्नल मुख्य डिस्क जोडून घेतो आणि मग सगळ्या सेवा सुरू होतात. साखळी जिथे तुटते तिथला शेवटचा संदेश पडद्यावर राहतो. लोक तो वाचत नाहीत, थेट रिस्टार्ट मारतात. मग मशीन परत त्याच जागी येऊन थांबतं.

पडदा काळा झालाच नाही, स्टार्ट म्हणताच लाल अक्षरात चूक आली, तर पाहुण्याला दोष देऊ नका. तो झोपेतून उठलेलाच नाही. गडबड यजमानाकडे आहे. यजमान लिनक्स असेल आणि त्यावर व्हर्च्युअलबॉक्स असेल, तर हे हमखास घडतं: कर्नल नवा आला, पण व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल (जोड-तुकडा) जुन्याच मापाचं राहिलं. ते प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधावं लागतं. डीकेएमएस नावाची व्यवस्था ते आपोआप करते, मात्र त्या कर्नलच्या हेडर फायली (मॉड्यूल बांधायला लागणारी मापं) असतील तरच. त्या बसवून मॉड्यूल परत बांधलं की काम होतं. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल तर त्या मॉड्यूलवर ओळखीची सही लागते, नाहीतर कर्नल त्याला दारातूनच परत पाठवतो. लिनक्स कर्नल ६.१२ पासून आणखी एक गंमत झाली. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय पूर्वी केव्हीएम पहिलं मशीन सुरू झाल्यावर ताब्यात घ्यायचं. आता मॉड्यूल लोड होताच घेऊन बसतं. मग व्हर्च्युअलबॉक्स म्हणतो, जागा दुसऱ्या हायपरवायझरनं अडवली आहे. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवलं की जागा मोकळी होते.

विंडोजच्या यजमानावरही असाच प्रकार. एखाद्या अपडेटनंतर हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय चालू झाली की व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसायला लागतं. हे कासव खरंच असतं, मी विनोद करत नाही. मशीन चाललंच तर त्याच्याच गतीनं चालतं.

केव्हीएमवाल्यांना वेगळी ठेच लागते. प्रत्येक पाहुण्याच्या नोंदीत लिहिलेलं असतं की त्याला कोणत्या पिढीच्या मदरबोर्डचं सोंग दाखवायचं. त्याला मशीन टाइप म्हणतात. केव्हीएमच्या जोडीनं हे सोंग उभं करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या फार जुनी सोंगं काढून टाकतात. आठ-दहा वर्षं जुना पाहुणा नव्या यजमानाकडे गेला की "असला मशीन टाइप माहीत नाही" असं उत्तर मिळतं. नोंदीत नवा टाइप लिहिला की तो उठतो. विंडोजचा पाहुणा मात्र नवा बोर्ड बघून परत अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. यजमानाची डिस्क भरली, डिस्क-फाईलचा मालक बदलला, तीच फाईल दुसऱ्या कुणी उघडून कुलूप घातलं, ही कारणं साधी आहेत आणि संदेशात सरळ लिहिलेली असतात.

आता पडदा काळा झाला आणि "बूट करण्याजोगं काही सापडलं नाही" असं आलं, किंवा यूईएफआयची पिवळ्या अक्षरांची शेल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडली, तर फर्मवेअर जागं आहे पण त्याला वाट सापडत नाही. आधी बघा, कुणी मशीनची सेटिंग बायोसवरून यूईएफआयवर किंवा उलट तर केली नाही ना. एकाच्या पद्धतीनं बसवलेली डिस्क दुसऱ्याला सहसा वाचता येत नाही. यूईएफआयमध्ये कोणत्या फाईलपासून सुरुवात करायची ही नोंद डिस्कवर नसते, वेगळ्या छोट्या फाईलमध्ये असते. मशीन हलवताना लोक डिस्कची फाईल आठवणीनं उचलतात आणि ही छोटी विसरतात. गाठोडं आलं, चिठ्ठी राहिली. यूईएफआयच्या मेनूत जाऊन बूटलोडरची फाईल हातानं दाखवली की मशीन उठतं, मग नोंद परत करून घ्यायची.

ग्रबपाशी अडलेलं मशीन बघायला मला आवडतं, कारण तिथे कारण फार जुनं निघतं. याचं उत्तम उदाहरण २०२० च्या जुलैचं. ग्रबमध्ये बूटहोल नावाची सुरक्षेची भगदाड सापडली, २९ जुलैला ती जाहीर झाली आणि सगळ्या लिनक्सवाल्यांनी घाईनं दुरुस्ती पाठवली. दुरुस्तीनंतर डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वाणांची कित्येक मशीनं, त्यात भाड्याची क्लाउड मशीनं बरीच, एका ओळीवर थांबली: 'ग्रब-कॅलॉक' नावाचं चिन्ह सापडत नाही. का? ग्रबचे दोन तुकडे असतात. एक इवलासा गाभा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, आणि बाकीची मॉड्यूलं बूट फोल्डरमध्ये. अपग्रेडनं मॉड्यूलं नवी केली. गाभा मात्र कोणत्या डिस्कवर लिहायचा हे मशीन पहिल्यांदा बसवताना टिपून ठेवलेलं होतं. मधल्या काळात त्या डिस्कचं नाव बदललं, एसडीएची व्हीडीए झाली, नाहीतर साचा तयार करताना एक नाव होतं आणि ग्राहकाकडे दुसरं. नवा गाभा त्यामुळे योग्य जागी गेलाच नाही. जुन्या गाभ्यानं नव्या मॉड्यूलांना हाक मारली आणि त्यांनी त्याला न कळणारं नाव विचारलं. उपाय एवढाच: रेस्क्यू आयएसओवरून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या डिस्कवरून) मशीन सुरू करून ग्रब खऱ्या डिस्कवर परत बसवणं. चूक पडली मशीन बसवलं त्या दिवशी. ती दिसली कितीतरी वर्षांनी.

त्याच सुमारास रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या वाणाच्या ७ आणि ८ या आवृत्त्यांची मशीनंही याच दुरुस्तीनंतर उठेनात, पण तिथे दोष शिम या ग्रबच्याही आधीच्या तुकड्यात होता. बाहेरून लक्षण सारखंच, कारण वेगळं. म्हणून पडद्यावरचा संदेश अक्षर अन् अक्षर वाचायचा.

अण्णांच्या फोटोत ग्रब पार पडलेला होता. पुढे लिहिलं होतं: कर्नल पॅनिक (म्हणजे कर्नलनं हात टेकले), रूट फाइलसिस्टीम जोडता येत नाही, अननोन ब्लॉक (०,०). हे वाचून भाचा म्हणाला, "सर, डिस्क करप्टच झाली." नाही. कर्नल सांगतोय की मला डिस्क दिसतच नाही. न दिसणं आणि खराब असणं यात फरक आहे.

डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर असतो डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच. यावर लिनक्सनं तोडगा काढला तो इनिट-रॅम-एफएसचा. मघाशी म्हटलेलं छोटं गाठोडं ते हेच. ग्रब ते कर्नलबरोबर मेमरीत आणून ठेवतो, त्यात किल्ल्या असतात. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर नवं गाठोडं बांधावं लागतं. ते बांधलंच गेलं नाही तर कर्नल रिकाम्या हातानं दारात उभा राहतो. (०,०) चा बहुतेक वेळा अर्थ हाच. गाठोडं आहे पण त्यात व्हर्टआयओची, म्हणजे पाहुण्यांसाठी खास बनवलेल्या डिस्क-जोडणीची, किल्ली नाही, तर पॅनिक होत नाही. "अमुक यूयूआयडीची (ओळख-क्रमांकाची) डिस्क सापडली नाही" म्हणून छोटी शेल उघडते. विंडोजच्या पाहुण्याची डिस्क आयडीई किंवा साटा या नेहमीच्या जोडणीवरून व्हर्टआयओवर नेली आणि आधी ड्रायव्हर घातला नाही, तर निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. दुखणं तेच. डिस्क परत आधीच्याच जोडणीवर ठेवा, मशीन उठेल. मग एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओनं जोडून ड्रायव्हर बसू द्या आणि त्यानंतरच मुख्य डिस्क हलवा.

अण्णांच्या मशीनमध्ये बूटचा वेगळा विभाग होता, जेमतेम ५०० एमबीचा. बसवला मीच होता, तेव्हा तेवढा पुरेसा वाटला होता. त्यात जुने कर्नल साचत गेले. शेवटचा आला तेव्हा कर्नल कसाबसा मावला, गाठोड्याला जागा उरली नाही. ही चूक लॉगमध्ये नोंदली गेली होती. लॉग कोण वाचतं?

आणि तो कर्नल त्या रात्री आलाच नव्हता. तो तीन आठवड्यांपूर्वी आलेला. अनेक लिनक्स सर्व्हरवर सुरक्षेची अपडेटं आपोआप बसतात, पण नवा कर्नल लागू होतो तो पुढच्या रिस्टार्टला. तीन आठवडे मशीन जुन्या कर्नलवर मजेत चाललं, लाईट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी दहा मिनिटांत मान टाकली, आणि पहाटे सर्व्हर उठला तो नव्या कर्नलच्या तोंडावर. सगळ्यांना दिसली ती लाईट. आपल्याकडे निम्म्या वेळा असंच असतं. "अपग्रेड केलंच नाही" असं लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात.

अशा वेळी पहिला उपाय अगदी फुकटचा. मशीन सुरू करताना बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरा, यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबा. ग्रबचा मेनू येतो. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडा. गेल्या महिन्यात ज्यावर चाललं होतं, त्यावर आजही चालेल. अण्णांचं मशीन फोनवरच उठलं, भाच्याच्याच हातून. गाडी दहाच्या आत सुटली. मग मी गेलो, जुने कर्नल काढून जागा केली आणि नव्याचं गाठोडं परत बांधलं.

एक प्रकार अलीकडे वाढला आहे, तो सोलापूरकराला सांगायला सोपा. चादरीवरची नक्षी जेकार्डच्या कार्डांवर छिद्रांनी लिहिलेली असते आणि छिद्रांप्रमाणे हुक उचलले जातात. ४०० हुकांसाठी पाडलेली कार्डं २४० हुकांच्या जेकार्डवर चढवली तर? कार्डात खोट नाही, मागात खोट नाही, पण चादर निघायची नाही. प्रोसेसरचंही तसंच. रेड हॅट ९ आणि त्याच्या भावंडांचे प्रोग्राम एक्स८६-६४-व्ही२ या पातळीच्या सूचना धरून बांधलेले आहेत, २०२५ च्या रेड हॅट १० चे व्ही३ च्या. पेटीतला खरा प्रोसेसर दणकट असला तरी पाहुण्याला 'केव्हीएम६४' असं जुनं, कमी हुकांचं सोंग दाखवलेलं असेल, तर "सीपीयूला व्ही२ येत नाही" अशी जीलिबसीची (प्रोग्रामांना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची) एक ओळ येते आणि लगेच पॅनिक. केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत नव्या मशीनला हेच सोंग आपोआप मिळायचं, म्हणून जुन्या पाहुण्यांच्या सेटिंगात ते अजून बसलेलं असतं. सीपीयूचा प्रकार 'होस्ट' केला की काम झालं. सगळ्या पेट्या एका पिढीच्या नसतील आणि पाहुणे एकीवरून दुसरीवर हलवायचे असतील तर मात्र 'होस्ट' नको, सगळ्यांना झेपेल अशी पातळी निवडा.

सेवा सुरू होता होता मशीन दीड मिनिट ताटकळलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, तर एफएसटॅब नावाची फाईल उघडा. कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची ती यादी. त्यात काढून टाकलेल्या बॅकअप डिस्कचं नाव असतं आणि सेवा सुरू करणारं सिस्टीमडी तिची ९० सेकंद वाट बघत बसतं. त्या ओळीतल्या पर्यायांच्या रकान्यात 'नोफेल' लिहा. आणि कधी कधी मशीन व्यवस्थित उठलेलं असतं, फक्त नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्यामुळे बाहेरून पोचता येत नाही. हायपरवायझरच्या कन्सोलमध्ये लॉगिन दिसतं का, ते आधी बघा. एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

काहीच केल्या उठत नसेल तर व्हर्च्युअल मशीनचा खरा फायदा वापरा. त्याची डिस्क सोडवून दुसऱ्या धडधाकट मशीनला जोडायची, आत जाऊन दुरुस्त करायची, परत लावायची. स्क्रूड्रायव्हर लागत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर आणली, आपल्याकडे विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहिले गेले. दुरुस्ती होती एक फाईल खोडण्याची. टेबलावरच्या संगणकांसाठी माणसाला प्रत्येकापाशी जावं लागलं. क्लाउडमधल्या मशीनांच्या डिस्का मात्र बसल्या जागेवरून दुसऱ्या मशीनला जोडून तीच फाईल काढता आली. डिस्कला बिटलॉकरचं (विंडोजचं डिस्क-कुलूप) संरक्षण होतं त्यांना रिकव्हरी की लागली. ती की त्याच बंद सर्व्हरवर ठेवणारेही निघाले. पुन्हा कपाट आणि किल्ली.

डिस्कला हात लावण्याआधी तिच्या फाईलची नक्कल करा. पाहुणा पूर्ण बंद असताना. आणि स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची खूण) घेतलेला असेल तर मूळ फाईल अजिबात उघडू नका. स्नॅपशॉटनंतरचं सगळं काम बहुधा वेगळ्या फाईलमध्ये असतं आणि ती मूळ फाईलवर टेकून उभी असते. खालची वीट हलवली की वरची भिंत वाकडी. डेटा खरोखर गेलेला मी पाहिला तो बहुतेक असाच, दुरुस्तीच्या नावाखाली.

मी स्वतः आता अपग्रेडच्या आधी मशीन एकदा नुसतं रिस्टार्ट करून बघतो. वर्षभर न थांबलेलं मशीन आजच्या स्थितीत तरी उठतं का, हे आधी कळलेलं बरं. नाहीतर जुन्या दुखण्याचा आळ नव्या अपग्रेडवर येतो. उठलं की बंद करून डिस्कची नक्कल बाहेरच्या ड्राइव्हवर, मग अपग्रेड, आणि लगेच आणखी एक रिस्टार्ट, मी समोर असताना. अण्णांच्या कारखान्यात हे आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी होतं. भाचा करतो, मी शेंगाचटणी-भाकरी खात बघतो.

अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी यूपीएसच्या सगळ्या बॅटऱ्या बदलून घेतल्या. त्यांच्या मते दोष लाईटचाच होता. बॅटऱ्या तशाही संपलेल्याच होत्या, म्हणून मी वाद घातला नाही.